खुर्ची साहेबांपुढे सरकवणारा

आमच्या कार्यालयाच्या दारात रॅम्प झाला, त्याच सकाळी एक माणूस व्हीलचेअरवर आला. रॅम्प घसरगुंडीसारखा उभा. त्यानं हातमोजे काढले, फरशीवर उतरून बसला आणि खुर्ची रॅम्प बांधून घेणाऱ्या इंजिनिअरपुढे सरकवली. "बसा साहेब, तुमीच चढून दाखवा."

साहेब हसत खुर्चीत बसले, चाकं ढकलत निघाले आणि अर्ध्यातूनच मागे घसरले. आम्ही धरलं म्हणून वाचले.

महिनाभरात जुना रॅम्प फोडून नवा लांब, हलक्या उताराचा बांधला. तो पुन्हा आला. मी सवयीनं ढकलायला धावलो.

"हात नका लावू भाऊ. माह्यासाठी बांधला, तं माह्याच हातानं चढून राहिलो."

वर पोचल्यावर मी विचारलं, "काय काम होतं?"

"काईच नाई," म्हणत तो खाली उतरला आणि पुन्हा चढला.