आईला ऐकवलेल्या स्पॅनिश गोष्टी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, भावालाही नाही. सांगायला बसते आणि दुसरंच काहीतरी बोलून उठते. आज तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं.

आमची आई मूळची बडबडी. दिग्रसहून पुसदच्या एसटीत बसली की उतरेपर्यंत शेजारणीचं माहेर-सासर तिला पाठ. त्या बाईला लकवा झाला. उजवा हात गेला, वाचाही गेली. बोलणं शिकवणाऱ्या यवतमाळच्या मॅडमनी मला बजावलं होतं — हिला सगळं समजतं, फक्त शब्द सापडत नाहीत. रोज समोर बसून तुमच्याच बोलीत घरातलं बोला. भाजी काय केली, कोण आलं, असलंच. ऐकता ऐकता शब्द परत येतील.

आणि यायला लागले होते. "पानी." "चाय." एकदा तर शेजारच्या काकू फार वेळ बसल्या, तेव्हा "बस वं" म्हणाली. आम्ही किती हसलो होतो!

मी तेव्हा मोबाइलवर, एका ऑनलाइन वर्गात स्पॅनिश शिकत होते. परीक्षा पास झाले तर पुण्याच्या एका कंपनीचं काम घरबसल्या मिळणार होतं. सरांचा आग्रह असा — रोज एक लघुकथा मोठ्यानं वाचा, समोर कुणी ऐकतंय असं समजून, मधूनमधून त्याच्याकडे बघत. मग कथेवर चिंतन लिहा. स्वयंपाक, आईचं अंथरूण, धुणं — यातून वेळ कुठून काढायचा? समोर आई होतीच.

कळलं ना? आईची वेळ मी माझ्या गोष्टींना दिली. आधी एखाद दिवस, मग रोजच. ही परकी भाषा आहे, एवढंही तिला सांगितलं नाही. का नाही? खरं सांगू — ती ऐकते आहे, हेच माझ्या डोक्यात आलं नाही.

आई माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची. कपाळाला आठ्या, ओठ हलताहेत. मला वाटे, गंमत वाटतेय तिला. गल्लीत तर माझं कौतुक चाललेलं. काकूंना घरात नुसता माझा आवाज ऐकू जायचा, शब्द नाही; दारातूनच म्हणायच्या, "पोरगी किती बोलते वं तुह्यासंगं. नशीब काढलं माय तुनं." आई डोळे मिटून घ्यायची.

एका दुपारी मी एका बहिऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट वाचत होते. घरचे हळूहळू त्याच्याशी बोलणं सोडतात, अशी. आईनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. मग त्याच हातानं स्वतःच्या कपाळावर मारलं. "गेलं," म्हणाली. "डोकं... गेलं. तू बोलतं... मले... नाई..." आणि ढसाढसा रडायला लागली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोटची पोरगी रोज समोर बसून एवढं बोलते आणि आपल्याला एक अक्षर कळत नाही — त्या बाईनं काय समजायचं?

एक वाक्य पुरलं असतं. हे स्पॅनिश आहे, आई — बस, एवढंच. मी तिचे डोळे पुसले, पाणी पाजलं, "आराम कर" म्हणाले. लाज वाटली म्हणून? काकूंपुढे उघडी पडेन म्हणून? दोन्ही. उद्या सांगू, म्हटलं. मग आत जाऊन त्या बहिऱ्या म्हाताऱ्यावर चिंतन लिहिलं — माणसाला घरातच एकटं पाडणं किती क्रूर, वगैरे. सरांनी ते वर्गाला वाचून दाखवलं. मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

दुसऱ्या दिवसापासून मी गोष्टी मागच्या खोलीत वाचायला लागले. आईशी कामापुरतं बोलायचे — गोळी घे, कूस बदल. तेवढं तिला कळायचं. पण त्यापुढचं आपल्याला झेपत नाही, हे तिनं मनाशी पक्कं करून टाकलं होतं. काकू गप्पा मारायला बसल्या की भिंतीकडे तोंड करायची. यवतमाळला जायचं म्हटलं की नकाराची मान. आलेले शब्दही गेले. मॅडमनी मला फोनवर विचारलं, मध्येच असं काय झालं? काही नाही, म्हणाले.

काम मिळालं. दिवसभर फोनवर परक्या माणसांच्या तक्रारी ऐकते. सावकाश सांगा, घाई नाही — हे मी स्पॅनिशमध्ये फार गोड म्हणते.

आई आणखी दोन उन्हाळे काढून गेली. आपलं डोकं गेलंय, असंच समजून गेली. तिचं डोकं शेवटपर्यंत ठिकाणावर होतं. हे मला माहीत होतं, रोज माहीत होतं, आणि मी तिला सांगितलं नाही.