परिशिष्टांसह एक शेजारी

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्याला शेजाऱ्याची माहिती काढायला गुप्तहेर लागत नाही. ती सरकारनेच छापून ठेवलेली असते. ज्येष्ठता यादीत जन्मतारीख, घरवाटपाच्या यादीत क्वार्टर नंबर, खात्याच्या डिरेक्टरीत घरचा फोनसुद्धा. मी उभी नोकरी अशी विखुरलेली माहिती गोळा करून तिच्या नोट्स बनवण्यात घालवली. त्या कोणी वाचल्या असतील असा आरोप मी कोणावरही करणार नाही.

एका गणेशोत्सवात मागच्या ब्लॉकमधल्या एका अधिकाऱ्याने कॉलनीच्या फेसबुक ग्रुपवर लिहिलं, "ये ढोल कब तक चलेगा? घर में बीमार लोग भी हैं।"

उत्सव समितीचा सचिव मी. खरं सांगायचं तर आमच्या पथकाचा ढोल मलाही सोसत नव्हता. कानात कापूस घालून मी आरतीला उभा राहायचो. पण पलीकडच्यांचं रात्रभराचं देवीचं जागरण म्हणजे गोंगाट आणि आमचा ढोल म्हणजे संस्कृती. आपला तो बाब्या! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. 'बीमार लोग' काय, तक्रार करणाऱ्या प्रत्येकाच्या घरात असतातच, असं म्हणून मी कॉम्प्युटरपुढे बसलो.

अर्ध्या तासात नोट तयार. विषय, पार्श्वभूमी, परिशिष्ट क, ख आणि ग. त्या गृहस्थाचं नाव, खातं, हुद्दा, जन्मतारीख, क्वार्टर, फोन. प्रत्येक माहितीखाली ती कुठून घेतली तेही लिहिलं, कारण मी प्रामाणिक माणूस. शेवटी एक वाक्य: 'ज्यांना ढोलाविषयी चर्चा करायची असेल त्यांनी इथे संपर्क साधावा.' नोट ग्रुपवर टाकली आणि पोस्टला भराभर लाइक मिळाले. इतकं कौतुक माझ्या कुठल्याही नोटचं झालं नव्हतं. मी दर पाच मिनिटांनी बघत होतो.

कॉलेजात जाणारी माझी मुलगी दिल्लीतच वाढलेली. तिने पोस्ट वाचली आणि धावत आली. "बाबा, यार, डिलीट कर! हे डॉक्सिंग आहे, कोणाचा पत्ता-फोन असा चव्हाट्यावर टाकणं!"

"यातलं काय गुपित आहे? सगळं वेबसाइटवर आहे. आमच्या वेळी फोनचं जाडजूड पुस्तक घरोघरी यायचं."

"त्या पुस्तकात 'या माणसावर चिडा' असं लिहिलेलं नसायचं ना!"

उत्तर बिनतोड होतं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. तिला 'परिशिष्ट' म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं, तेवढ्यावर मी स्वतःला विजयी घोषित केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पथकातली मंडळी हसत मांडवात आली. त्यांनी 'चर्चा' केली होती. त्या घराच्या दाराशी उभं राहून अर्धा तास ढोल बडवला होता. साहेब टूरवर होते, दार कोणी उघडलं नाही. सकाळपासून कितीतरी जणांनी फोनही केले होते. एक म्हातारी उचलायची आणि शिव्या ऐकून ठेवून द्यायची, हे सांगताना एकाला हसू आवरत नव्हतं.

मी पोस्ट डिलीट केली. पण तोवर तिचे स्क्रीनशॉट तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांत फिरत होते, परिशिष्टांसकट. मी मोदकांचा डबा घेतला आणि मागच्या ब्लॉकमध्ये गेलो.

बेल वाजवली. बराच वेळ काही नाही. मग लाकडी दार उघडलं आणि जाळीच्या दारामागे वॉकर धरून एक आजी दिसल्या.

"बेटा घर पे नहीं है," त्या घाईघाईने म्हणाल्या. "ढोलवाले हो?"

"नहीं, नहीं, माताजी. माफी माँगने आया हूँ।"

त्यांचा चेहरा जरा सैल झाला. जाळीच्या कडीकडे हात नेत त्यांनी विचारलं, "सबको हमारा पता किसने दिया, भैया? तुम जानते हो उसको?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण मला खूप लाज वाटली आणि तोंडून निघून गेलं, "मैंने दिया।"

त्यांचा हात कडीवरच थांबला. वॉकर मागे घेत त्यांनी लाकडी दार लावलं. आतून कडी लागली, मग दुसरी, आणि मग काहीतरी जड फरशीवरून ओढत दाराशी आणल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.