भूगोलाच्या प्रयोगशाळेतले मामा

अकरावी-बारावीची दोन वर्षं मी त्यांना रोज पाहिलं, पण नाव कधी विचारलं नाही. इंग्रजी शाळेतून आलेली मी कुणालाच फारसं काही विचारत नसे. भूगोलाच्या प्रयोगशाळेतल्या या शिपायांना सगळे मामा म्हणायचे. नकाशे उघडायचे आणि गुंडाळायचे ते फक्त त्यांनीच. "नकाशा डोळ्यानं बघायचा, ताई. हातानं नाही," असं ते बजावत. जिल्हा त्यांना नात्यागोत्यावरून पाठ होता. झरीला थोरली बहीण दिलेली, पूर्णेला मेहुणा.

प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी मला विचारलं, "येलदरी धरणातून निघालेलं पाणी कोणत्या दिशेला जातं?"

नकाशावर धरण दिसत होतं, नदीची निळी रेघही दिसत होती. पण भीतीनं त्या रेघेवर पाणी इकडून तिकडे जातं की तिकडून इकडे, हेच सुचेना. गुण जाणार हे मी धरून चालले.

मामा नकाशाची सुरकुती सरळ करायला पुढे आले आणि स्वतःशीच पुटपुटले, "येलदरीचं पाणी सोडलं की पूर्णेला आमच्या मेहुण्याची शेतातली मोटर बुडती बघा."

"मामा, परीक्षा तुमची आहे का?"

"न्हाई सर, मी मोटरीचं सांगायलोय."

नकाशावर पूर्णा गाव धरणाच्या खाली उजवीकडे होतं. "आग्नेयेला," मी घाईनं म्हणाले. सरांनी मान डोलावली.

परीक्षा संपल्यावर मला आभार मानायचे होते. ते जमेना, म्हणून विचारलं, "मेहुण्यांची मोटर दरवर्षी बुडते का?"

नकाशा गुंडाळत ते म्हणाले, "मेहुणा रेल्वेत हाय, ताई. त्याला कुठलं आलंय शेत?"