प्रयागबाईची आंघोळ

प्रयागबाई गेली आणि केनवडात दुःखाचा पूर आला. मोबाईलवर, हो! सकाळी आठच्या आत पन्नास जणांच्या स्टेटसवर हात जोडलेले, 'गावाची माय हरपली' असं लिहिलेलं. तिचा धाकटा दीर चंपत तर सगळ्यांच्या पुढचा. त्यानं फ्लेक्सवाल्याला फोन लावूनही टाकला. जिल्हा परिषदेला उभं राहायचंय ना गड्याला! वर वहिनीचा फोटो, खाली स्वतःचा, आणि खालचा जरा मोठा.

तिची एकुलती एक लेक ज्योत्स्ना वाशिमहून पहिल्या एसटीनं आली होती. माय आतल्या खोलीत, अंगावर चादर. अंगणात तिरडी बांधून तयार, पाणी तापून तयार, माणसं तोंडं पाडून घड्याळ बघायलाही तयार. राहिली होती फक्त आंघोळ. ज्योत्स्नानं एकटीनं मायला बसतं करून पाहिलं, पण ते काही जमलं नाही. आणि ओट्यावर बसलेल्या वीस-पंचवीस बायांपैकी एकही उठत नव्हती.

आता यातली गंमत ऐका. गेली तीस वर्षं गावात बाईमाणूस मेलं की आंघोळ घालायची ती प्रयागबाईच. चंदाबाईपासून हे सुरू झालं. चंदाबाईला विहिरीतून दुसऱ्या दिवशी काढलं होतं. सासर नाक दाबून उभं, माहेर रडत उभं, हात लावायला कोणी नाही. प्रयागबाईला तेव्हा विधवा होऊन वर्षही झालं नव्हतं. ती घराकडून आली, पदर खोचला, म्हणाली, "सरका बाजूले," आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून गावानं हे काम तिच्या गळ्यात घातलं आणि हात झटकले. सोयाबीनची सोंगणी चालू असो की घरात पाहुणे असोत, निरोप आला की विळा तिथंच टाकून ही निघाली. कोणाच्या घरचा साधा ब्लाऊजपीसही तिनं कधी घेतला नाही. आत एकटी असायची, दार लावलेलं, आणि बाहेर तिचा आवाज यायचा. मेलेल्या बाईशी ती बोलायची, नावानं हाक मारून, हळूहळू. बाहेरच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. घरातली माय मेलेली, आणि ह्यांना हसू सुचायचं!

आणि एवढ्या कामाचा मान काय, तर हळदीला बोलावणं बंद. लग्नघरी गेली की, "तुमी बसा ना मावशी, आराम करा," म्हणून तिला दूर मांडवाच्या कडेला खुर्ची. बोलणं कसं, साखरेत घोळलेलं. नवरीच्या आसपास तिची सावली पडू नये एवढाच त्या खुर्चीचा अर्थ, आणि तो न कळायला प्रयागबाई काही खुळी नव्हती. ती बसायची, जेवायची, आहेर देऊन घरी यायची.

संस्कृतीच्या, म्हणजे ज्योत्स्नाच्या पोरीच्या बारशाला वाशिमला गेली, तेव्हाही हेच. सासूबाई सुनेच्या कानाशी लागल्या, "तुह्या मायले पाळण्याले हात नको लावू देऊ." ज्योत्स्ना पाळण्याला फुलं बांधत होती. तिनं ऐकलं आणि फुलंच बांधत राहिली. मायनं दुरूनच नातीवरून बोटं मोडली, बुंदी चांगली झाली म्हणाली, आणि दुपारच्या गाडीनं परत गेली.

तर आज त्याच मायसाठी ओट्यावर कारणांचा बाजार भरला होता. एकीचे गुडघे दुखत होते. एकीला चतुर्थी होती. एकीची सून पोटुशी होती. एकीच्या अंगात देवी येत होती, ती म्हणे विटाळ सोसत नाही. देवीचं नाव पुढं करून बसायला ह्यांना लाज कशी वाटत नाही, कोण जाणे!

चंपत घाईघाईनं आत आला. "ज्योत्स्ना, पानी शिंपड अन् उचलू दे. बारा वाजता पक्षाचे सायेब येऊन राह्यले, शोकसभा हाये. माईक लागला."

"काका, आंघोळ झाल्याशिवाय मायले कोनी हात लावायचा नाई."

"अवं पन बाया तयार नाईत त काय करू मी?"

"तुमी काई नका करू. तुमी भाषन पाठ करा."

ती दारात आली. तिचा आवाज खणखणीत निघाला.

"गोमतीकाकू, तुमच्या सासूले कोनं न्हाऊ घातलं होतं?"

गोमतीबाईनं मान खाली घातली. "तुह्या मायनं."

"अन् तुमी कुठं होत्या तवा?"

"बाहेर होतो बाई. आमी समद्याच बाहेर होतो."

"मंग आज काहून बाहेर बसल्या? आज आत न्हाऊ घालाले कोन हाये?"

मग गोमतीबाई गुडघ्यावर हात टेकत उठली. तिच्यामागं चतुर्थीवाली उठली. देवीवालीही उठली, देवीनं ऐनवेळी परवानगी दिली असावी. पाच जणी आत गेल्या, बादल्या आल्या, दार लागलं.

ज्योत्स्नाला वाटलं, जिंकलं. चांगली खरडपट्टी काढली एकेकीची.

गोमतीबाईनं तांब्या भरून घेतला आणि ती तशीच उभी राहिली. "पोरी, पयले काय करा लागते? डोक्यावरून घ्याव का पायापासून? अन् पाठीले पानी घालताना धरा लागते कसं?"

बाकीच्या एकमेकींकडं बघू लागल्या. केस पिकलेल्या बाया, पण लावलेल्या दाराच्या ह्या बाजूला त्यांच्यातली एकही कधी आली नव्हती. मग पाचही जणींनी ज्योत्स्नाकडं पाहिलं. लेक आहे, तिला माहीत असणार.

ज्योत्स्नाला माहीत नव्हतं. माय आत काय करते, कसं करते, हे तिनं जन्मात एकदाही विचारलं नव्हतं. माय वाशिमला आली की ही दारातच म्हणायची, "आधी मोरीत जाऊन आंघोळ कर, मंग घरात ये." आंघोळीवरून मायलेकीत आजवर एवढंच बोलणं झालं होतं.