मेंढरांनी पसंत केलेली फटफटी

माझी पहिली मोटारसायकल मेंढरांनी पसंत केली.

मला कुणी इचारलं न्हाई. चालवणार मी, पडणार मी, पण पसंती मेंढरांची! ही गोष्ट आमच्या घरात इतकी वर्षं माझी बायको धुरपता सांगायची. सोयरे आले, की चहाला उकळी फुटायच्या आत सुरू करायची अन् चुलीपाशी बसल्या बसल्या माझी इज्जत काढायची. मागच्या आखाडात ती गेली. आता सोयरे येतात, चहा पितात, माना खाली घालून बसतात. म्हटलं, असं कुठवर चालायचं? ही इज्जत आता आपणच काढावी. (मी दुसरीपर्यंत शिकलो. दुसरीत दोन वर्षं बसलो. अक्षर चुकलं तर मास्तरला धरा.)

तवा जर्मनची लढाई नुकतीच संपली होती अन् आमच्याकडं निजामाचं राज होतं. आता जिथं सिद्धेश्वरचं धरण हाय, त्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी. घरात मी, आमचा बाप म्हणजे आबा, अन् ऐंशी मेंढरं. लगन लहानपणीच लागलेलं, मामाच्याच पोरीशी. पण पोरगी अजून माहेरी, शिरड शहापूरला. मामाबी आधी मेंढरंच राखायचा. पुढं मेंढरं इकून त्यानं रान घेतलं, बैल घेतले, शेतकरी झाला, अन् त्या दिवसापासून त्याला मेंढराचा वास यायला लागला!

पोरगी नांदायला पाठव म्हणून आबा शिरडला गेले. मामानं बाजेवरून उठायची तसदीबी घेतली न्हाई.

"माझी पोरगी तुमच्या मेंढरामागं अनवाणी हिंडणार न्हाई, दाजी. दारात गाडी आणा, बसवून न्या. वैशाखातल्या आखाजीपर्यंत आणली तर आणली. न्हाई तर काडीमोड! कळमनुरीकडचं एक स्थळ बैलांची दमनी जुंपून तयार हाय."

आबांनी घरी येऊन मला हे सांगितलं. आदल्या साली औंढ्याच्या जत्रेत मी धुरपताला पाहिली होती. गुडदाणी खात उभी होती, माझ्याकडं बघून हसली. त्या एका हसण्यावर मी वर्ष काढलं होतं! (ती म्हणायची, "हसले कुठं? दातात गूळ अडकला व्हता." पण तवा मला काय म्हाईत?)

"बैलगाडी घेऊ, आबा," मी म्हटलं.

"काहून? बैलगाडी तर कळमनुरीवाला बी आणून राहिला. शिरडच्या माणसांनी बापजन्मात पाहिली न्हाई अशी गाडी नेतो तुझ्या मामाच्या दारी!"

लढाईच्या दिवसांत घोंगड्यांना चांगला भाव आला होता, त्यामुळं आबाच्या कमरेला पैसा होता अन् डोक्यात वारं. हिंगोलीत एका कापसाच्या दलालाकडं लष्कराच्या दोन फटफट्या आल्यात, हे त्यांनी बाजारात ऐकलं होतं. आमी निघालो. अन् बरोबर वीस मेंढरं घेतली.

"मेंढरं कशाला?"

"परीक्षेला," आबा म्हणाले. "फटफटीला कळप बिथरला अन् रानात पांगला, तर लांडगा काय तुझा मामा हाय? ज्या गाडीला मेंढरू भीत न्हाई, तीच गाडी आपली."

दलालाच्या आवारात कापसाचा ढीग लागलेला. पलीकडं दोन फटफट्या. एक काळी, घोड्यासारखी. एक हिरवी, आजारी म्हशीसारखी, तिच्या मागं एक मोठं लाकडी खोकं बांधलेलं. गाड्या दाखवायला उस्मानचाचा म्हणून मिस्त्री होता.

"ले जाओ मियाँ, काली ले जाओ. शेर है शेर!" चाचा म्हणाला अन् त्यानं काळीला लाथ घातली.

फाड् फाड् फाड् फाड्!

वीस मेंढरं बत्तीस दिशांना गेली! दोन दलालाच्या गादीवर चढली, एक त्याच्या तक्क्याआड लपलं, बाकीची कापसाच्या ढिगात घुसली. नशीब, आमची मेंढरं काळी. पांढरी असती तर अजून शोधत बसलो असतो. दलाल धोतर सावरत ओरडत होता, "कुणाची जनावरं ही? कुणाची?" आबा शांत उभे. "काळी नापास," एवढंच बोलले.

मंग हिरवीची पाळी आली. चाचानं लाथ घातली. काही न्हाई. दुसरी घातली. काही न्हाई. विसाव्या लाथेला चाचाची टोपी पडली अन् फटफटी कण्हल्यासारखी सुरू झाली. घुर्र... घुर्र... घुर्र...

अन् काय सांगू! आमची म्होरकी मेंढी कापसातून बाहेर आली, हिरवीपाशी गेली, तिचं मागचं खोकं हुंगलं, अन् चाटायला लागली! तिच्यामागं बाकीची आली. पाच मिन्टांत वीसच्या वीस मेंढरं फटफटीला लुचून राहिली, जशी काय ती त्यांची आई!

"पास!" आबा ओरडले.

"अरे बाबा," चाचा कळवळून म्हणाला, "इमान से बोलता हूँ, ये चलती कम है, रुकती ज्यादा है!"

"लय चांगलं. पोरगं नवशिकं हाय. थांबणारीच पाहिजे."

मी काळीकडं बघितलं. काळीनं माझ्याकडं बघितलं. आमची ताटातूट झाली.

चाचानं मला अर्ध्या दिवसात फटफटी शिकवली. ये गेर, ये किलच, ये बिरेक. "समझे?" "समजलं." समजलं म्हणायची सवय मला शाळेपासूनच. घरी येईतो मी तीनदा बाभळीत गेलो अन् एकदा एका म्हातारीच्या ज्वारीच्या बुचाडात. एक गोष्ट मातर पक्की कळली. मी जिकडं बघतो, तिकडं फटफटी जाते. उजवीकडं बघितलं, उजवीकडं. मागं बघितलं, की मागं वळायच्या बेतात! तवा ठरवलं, समोर सोडून कुठंच बघायचं न्हाई. मान मोडली तरी न्हाई.

आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे निघालो. आबा नदीवर आंघोळीला गेले होते. फटफटी मी मेंढरांच्या काटवणाच्या फाटकाला टेकवून ठेवली होती. ती काढली, वाडीतल्या चार गड्यांनी ढकलली, सुरू झाली, अन् मी नवा पटका बांधून शिरडच्या वाटेला लागलो. फटफटी काढल्यावर फाटक उघडं राहतं, हे शेंबड्या लेकराला सुचलं असतं. मला न्हाई सुचलं. मी समोर बघत होतो!

रस्ताभर माणसं हातातली कामं टाकून बघत उभी राहायची. बाया पदर तोंडाला लावायच्या. एक जण तर बांधावर बसून हसून हसून आडवा झाला. मी म्हटलं, अडाणी लोक, मोटारसायकल पाहिली नसंल. फटफटीची चाल म्हणाल तर गाभण मेंढीची. अन् तिचे आवाज एवढे तऱ्हेतऱ्हेचे, घुर्र, खर्र, फुस्स, की मधूनच 'बँ' आलं तरी मला वाटलं तिचंच असंल.

शिरडच्या येशीत शिरलो. सगळा गाव गोळा. मामा दारात, शेजारी कळमनुरीवाल्याचा चुलता मिशीला पीळ देऊन बसलेला. मी बिरेक दाबला. फटफटी थांबली. (आपोआपच थांबायच्या बेतात होती, पण नाव माझं झालं.) ऐटीत म्हटलं, "मामा, रामराम! गाडी आणली!"

मामा माझ्याकडं बघतच नव्हता. माझ्या मागं बघत होता.

"अन् हे काय आणलं, रे?"

मी पहिल्यांदा मागं वळून बघितलं. ऐंशीच्या ऐंशी मेंढरं! धूळ उडवत, जिभा काढून, गल्लीभर!

"ज्या मेंढरापायी मी एवढं बोललो, ती मेंढरं माझ्याच दारी?" मामा ओरडला. "गाडी आण म्हणलं व्हतं की कळप आण म्हणलं व्हतं?"

"मामा, आईशपथ, मी बोलावली न्हाईत!"

तेवढ्यात अंगणातून मामी किंचाळली. वैशाखाचं ऊन, तिनं पाच बाजांवर कुरड्या-पापड वाळत घातले होते. आता बाजा होत्या. कुरड्या मेंढरांच्या तोंडात होत्या. मी म्होरकीला धरायला धावलो, तर तिनं मला बाजेवर पाडलं. बाज मोडली. कळमनुरीवाल्याचा चुलता खदाखदा हसला अन् म्हणाला, "पाव्हणं, आमची दमनी मागं काही आणत न्हाई बरं का."

"चालता हो!" मामानं वाटेकडं बोट केलं. "आत्ताच्या आत्ता! संपली सोयरीक!"

संपलं, वाटलं. ती गुडदाणी, ते हसणं, सगळं मेंढरांनी खाल्लं.

अन् मंग घरातून धुरपता बाहेर आली. तोंडात दोन बोटं घालून अशी शीळ मारली, की ऐंशी मेंढरांच्या माना वर! "हिर्रर्र, हाऽऽ!" म्हटलं, अन् सगळा कळप पोरं शाळेत बसावी तसा भिंतीकडेला उभा. लहानपणी बापामागं फिरून शिकलेली इद्या, इसरली नव्हती. मंग ती फटफटीपाशी आली, खोक्यावरून बोट फिरवलं, जिभेला लावलं.

"मीठ," ती म्हणाली. "कुणीतरी ह्याच्यात मिठाच्या गोण्या वाहिल्या. मेंढरू मिठामागं जाईल न्हाई तर काय? जात मेंढपाळाची अन् एवढं कळलं न्हाई?"

सगळा गाव हसला. मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. पण धुरपता बापाकडं वळली.

"बाबा, गाडी दारात आणा म्हणला व्हता. आली का न्हाई?"

"आली, पर..."

"आखाजीच्या आत आली का न्हाई?"

"अगं, ही चालती तरी का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी लाथ घातली. फुस्स. अजून घातली. फुस्स. पंधराव्या लाथेला माझं धोतर अडकलं, सोळाव्या लाथेला सुटलं. (गाडीतून न्हाई, कमरेवरनं.) बाया तोंड फिरवून उभ्या राहिल्या. धुरपतानं तेवढ्यात बोचकं आणलं अन् सरळ फटफटीवर मागं चढून बसली.

"ढकला," ती म्हणाली.

"कोण?" मामा.

"तुमी. फटफटी हलल्याबिगर मेंढरं हलायची न्हाईत. अन् मेंढरं हलल्याबिगर माळवदावर वाळत घातलेल्या बाकीच्या कुरड्या वाचायच्या न्हाईत. आईला इचारा."

मामी आतून ओरडली, "अहो, बघता काय? ढकला की!"

मामानं बाह्या सारल्या. त्याच्या जोडीला अर्धं शिरड. कळमनुरीवाल्याच्या चुलत्यालाबी कुणीतरी हात लावायला लावला! उतार लागला अन् फटफटी ठाड् करून सुरू झाली. मामा धुरात खोकत ओरडला, "सांभाळ रे माझ्या लेकराला!" तो रडत होता का डोळ्यात धूर गेला होता, म्हाईत न्हाई. मी समोर बघत होतो.

येशीबाहेर पहिला चढ आला अन् हिरवी गपकन बंद पडली. कायमची!

मी घामाघूम. आता पोरगी उतरून माघारी जाते, असंच वाटलं. तिनं खाली उतरून फटफटीला एक चक्कर मारली. मंग पुढच्या गादीवर जाऊन बसली, दांडी हातात धरली अन् म्हणाली, "तुमाला चालवता येत न्हाई. मी चालवते. तुमी ढकला."

सगळी वाट मी ढकललं. ती राणीसारखी पुढं, मागं मी, माझ्यामागं ऐंशी मेंढरं. वाटेत एका लिंबाखाली तिनं बोचकं सोडून मला दोन भाकऱ्या अन् कांदा दिला, पुन्हा ढकलायला लावलं. चढ आला की म्हणायची, "हं, गेर बदला!" अन् हसायची. ह्या बारीला दातात गूळ नव्हता, मी नीट बघितलं.

दिवेलागणीला वाडीत पोचलो. आबा येशीवर वाट बघत उभे होते. सून बघून त्यांचं तोंड फुललं. पण पहिला सवाल काय इचारावा?

"पोरी, कशी चालती आपली फटफटी? तेल किती खाल्लं?"

"एक थेंब न्हाई, मामंजी," धुरपता पदर सावरत बोलली. "शिरडपासून इथवर दोन भाकऱ्यांत आली."

आबांना इतका आनंद झाला, की दुसऱ्या दिवसापासून ते गावोगाव सांगत फिरले, आमची फटफटी दोन भाकऱ्यांवर चालते. लोक लांबलांबून बघायला यायचे. हिरवीभोवती फिरायचे, वाकून वाकून खालून बघायचे, भाकरी कुठून घालतात म्हणून इचारायचे.

मी तिथंच बाजूला पाय शेकत बसलेला असायचो. माझ्याकडं एकानंबी बघितलं न्हाई.