आमच्या गच्चीवरचं ऊन कोणाचं

एप्रिलमधला रविवार, सकाळी नऊ. स्थळ : हुडकेश्वरमधल्या आमच्या इमारतीची गच्ची. हजर : अध्यक्ष, म्हणजे तळमजल्यावरचे निवृत्त काका, सौर पॅनेलवाल्यांचा माणूस, सेक्रेटरी म्हणून मी, माझे यजमान, आणि तर्री-पोहे मिळणार हे कळल्यामुळे उरलेली जवळजवळ सगळी इमारत. गैरहजर : वरच्या मजल्यावरच्या काकू. सभा खरं म्हणजे त्यांच्यासाठीच होती.

विषय एकच. गच्चीवर सौर पॅनेल लावून लिफ्ट, पाण्याची मोटर आणि जिन्यातले दिवे उन्हावर चालवायचे. नागपुरात एप्रिल ते जून डांबर वितळेल इतकं ऊन पडतं आणि आपण कोळसा जाळून केलेल्या विजेवर कूलर लावून त्याच उन्हाला शिव्या देत बसतो. हे मला पटत नव्हतं. घरोघर जाऊन मी सगळ्यांना तयार केलं होतं. अध्यक्षांचं म्हणणं, संमती सगळ्यांची हवी, एकही घर सुटता कामा नये. सुटलेलं घर काकूंचं होतं.

काकूंचा विरोध सरळ होता. गच्ची म्हणजे त्यांचं वाळवण. कुरडया, मूगवड्या, सरगुंडे, सगळं तिथे वाळतं. दोन मुली पुण्याला. दर उन्हाळ्यात त्यांच्या नावाचे डबे भरून जातात.

"पुण्याचं ऊन ते काय ऊन," त्या मला दारातच म्हणाल्या होत्या. "तिथं कुरडई वाळत नाई, नुसती उदास होते. अन तू माह्या उनावर काचा लावून राहिली."

"काकू, ऊन सगळ्यांचं आहे."

"मंग सगळ्यांनी कुरडया कराव्या. करते का कोणी?"

मग मी प्रात्यक्षिक ठेवलं. पॅनेलवाल्यांचा माणूस एक पॅनेल आणि थेट उन्हावर चालणारा एक छोटा कूलर घेऊन आला. पॅनेल जिन्याच्या खोलीच्या मागे, उन्हात. तिथून वायर ओढून कूलर खोलीच्या पुढे, सावलीत. त्याने पॅनेल ओल्या फडक्याने पुसलं, मग सुक्या फडक्याने पुसलं आणि पुढे येऊन बटण दाबलं.

कूलर सुरू झाला. वाळ्याचा वास आला. माणसं खुर्च्या ओढून पुढे सरकली. माझे यजमान पोह्यांची प्लेट घेऊन थेट कूलरच्या तोंडाशी बसले, त्यामुळे वारा फक्त त्यांना आणि तर्रीचा ठसका बाकीच्यांना. मी बोलायला उभी राहिले.

"लाइट गेली तर लिफ्ट चालून राहील का?" अध्यक्षांनी पहिला प्रश्न विचारला.

"नाही. बॅटरी नसेल तर लाइट गेल्यावर हेही बंद होतं," मी म्हणाले.

"मंग काय फायदा गा?" अध्यक्षांनी पॅनेलवाल्याला विचारलं.

तो फायदा सांगायला लागला आणि कूलरचा पंखा हळू झाला. मग आणखी हळू. मग थांबला. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

पॅनेलवाल्याने बटण तपासलं, वायर हलवली, कूलरला दोन थापा मारल्या.

"एवढे लोक बसले," अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "सूर्यावर लोड आला."

यजमान प्लेट घेऊन उठले. त्यांच्या पाठोपाठ आणखी दोघे उठले. माझा अख्खा प्रकल्प जिन्याच्या दिशेने निघालेला बघून मी जवळजवळ पळतच खोलीच्या मागे गेले.

पॅनेलवर पांढरंशुभ्र धोतर पसरलं होतं. त्यावर काकू सोऱ्या फिरवून कुरडया घालत होत्या. अर्धं पॅनेल भरलं होतं.

"काकू, हे काय?"

"काहून? गहू तीन दिवसांपासून भिजून राहिले, आज चीक शिजवला. तुही सभा थांबते, चीक थांबत नाई. जमिनीवर तुह्या खुर्च्या ओढून ओढून धूळ केली सगळ्यांनी. हा एकच स्वच्छ दिसला. आताच पुसला ना त्यानं?"

तोवर सगळे मागे जमले होते. पॅनेलवाला डोक्याला हात लावून म्हणाला, "बाई, हा पाट नाई आहे."

"पाटापेक्षा चांगला आहे," काकू म्हणाल्या. "उतरता आहे, वरून ऊन, खालून शेक. हात लावून पाह्य."

त्याने खरंच हात लावून पाहिला. मग आम्ही चौघांनी धोतराची टोकं धरली आणि कुरडया मोडू न देता ते पाण्याच्या टाकीवर नेलं. पलीकडे कूलर आपोआप सुरू झाला. अध्यक्षांनी सूर्याला माफ केलं.

काकू पॅनेलकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "लावा. माहं काही म्हणणं नाई. पण दोन माह्या."

"काकू, झाकलं तर वीज होत नाही. आता पाहिलंत ना?"

"सगळे नाई मागून राहिली वं. दोनच."

पॅनेलवाला सामान गुंडाळायला लागला. शेवटी मीच तोड काढली. पॅनेल उंच सांगाड्यावर चढवायचे. खालच्या सावलीत काकूंचे उडदाचे पापड, त्यांना तसंही कडक ऊन चालत नाही. आणि कुरडयांसाठी पूर्वेचा कोपरा कायमचा मोकळा, एका धोतराएवढा. अध्यक्षांनी मत विचारलं तेव्हा काकूंनी चिकाने माखलेला हात वर केला. सभा संपली. पोहे त्याआधीच संपले होते.

पॅनेलवाल्यांना सांगाड्याचं माप घेण्याआधी तो कोपरा आखून हवा आहे. मी गेरू कालवून, ब्रश घेऊन गच्चीवर गेले, तर काकू धोतर घेऊन आधीच हजर. धोतर नेहमीचं वाटेना. नीट पाहिलं तर दोन धोतरं कडेला कड लावून शिवलेली होती.

"काकू, एक ठरलं होतं."

"एकच आहे. शिवण मोजते का तू?"

मी गेरू घेऊन खाली आले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्याला तिसरं जोडायचं चाललं होतं.

कोपऱ्याची रेघ मारणे : बाकी.