नाकाचं माप

आळे गावच्या नजमुन्निसाकडे लसणाला मापच नव्हतं. मक्याचा भरडा आणि सोयाबीनची पेंड घमेल्यात घ्यायची, वरून हळद, ओवा, सावलीत वाळवलेला शेवग्याचा पाला टाकायचा आणि ठेचलेला लसूण कालवत राहायचं. वास नाकातून कपाळात चढला की हात थांबवायचा, एवढंच तिचं शास्त्र. पण त्याच शास्त्रावर घरामागच्या शेडमधली लाव्यांची पिल्लं, तिच्या घरच्यांच्या भाषेत बटेर, दुकानच्या औषधाशिवाय टुणटुणीत वाढायची. आळेफाट्याचे हॉटेलवाले 'भाभीच्या हातचे पक्षी' म्हणून मागायला यायचे. उभ्या आयुष्यात तिच्या नावावर जमा झालेली ही एवढीच गोष्ट.

थंडीत तिला ताप आला. जाताना तो वास घेऊन गेला आणि अंगातली ताकदही. घमेलं उचलायचं तर आधी भिंतीला टेकून दम खावा लागे. वासाचं तिने कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं की कालवायचं काम दुसऱ्याकडे जाणार, मग भाभीच्या हातचं म्हणून काय उरणार? कामाने माणूस दमतं, पण लपवून लपवून जास्त दमतं.

उन्हाळ्यात तापानंतरची पहिली खेप शेडमध्ये आली, तिने अंदाजाने लसूण कालवला आणि चारच दिवसांत पिल्लांनी खाणं टाकलं. भांडी भरलेली तशीच, आणि पिल्लं कोपऱ्यात पिसं फुगवून बसलेली. तिचा नवरा हनीफ शेडच्या दारातूनच म्हणाला, "नजमा, ही खेप काय धरत न्हाई. एवढी गेली की शेड बंद करू. तुलाबी आता झेपत न्हाई."

बिचारा मायेनेच बोलला होता. तिला मात्र आपल्यालाच मोडीत काढल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने लसूण आणखी वाढवला. पिल्लं अशक्त झाली तर औषध जास्त नको का?

शेजारची कुशाबाई शेवग्याचा पाला घेऊन आली, घमेल्यावर वाकली आणि तशीच मागे सरली.

"अगं बया, भाभी! लोणचं घालतीस का काय? डोळ्यांतनं पाणी आलं की माझ्या!"

"जास्त झालाय का लसूण?"

"झालाय का म्हणजे? पार रस्त्यापर्यंत वास येतोय! पाखरं कशी खातील गं?"

नजमा पोत्यावर बसून राहिली. कुशाबाई गेली तरी उठवेना. मग एक गोष्ट तिच्या मनात आली. घरातलं सालन, रोजचं कालवण, तेही याच हाताने होत होतं.

दुपारी ती हनीफसमोर बसली. तो घास घेई आणि लगेच तांब्या उचली. उन्हाळा आहे, तहान लागत असेल, असं ती इतके दिवस समजत होती.

"सालन कसं झालंय?"

"चांगलं झालंय की."

"अहो, खरं सांगा."

त्याने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "लसूण जरा जास्त असतो."

"कधीपासनं?"

"तापातनं उठलीस तवापासनं."

"आन तुमी गप गिळत बसलाय?"

"तू भिंत धरून चुलीपाशी जात व्हतीस," तो ताटाकडे बघत म्हणाला. "त्यात मी कुठं चवीचं काढू?"

इतक्या महिन्यांचा सगळा शीण तिच्या डोळ्यांत उतरला. "मला वास येत न्हाई हो," ती म्हणाली. "कसलाच येत न्हाई."

हात धुऊन हनीफ तिला घेऊन शेडमध्ये गेला, घमेलं रिकामं केलं आणि नवा भरडा भरून तिच्यापुढे ठेवला. मग आपलं भलंमोठं नाक घमेल्यावर धरून उकिडवा बसला.

"तू टाक. मी सांगतो."

तिने ठेचलेला लसूण टाकला, कालवला, परत थोडा टाकला.

"बास."

"एवढ्यातच?"

"बास म्हणलं ना!"

भांडी ठेवली तरी पिल्लं बराच वेळ कोपऱ्यातच बसून होती. मग एक पुढे आलं, त्याच्यामागून दुसरं, आणि शेडभर चोचींची टकटक सुरू झाली. खरं सांगायला बटेरांना चार दिवस पुरले, या माणसाला चार महिने पुरले नाहीत. त्याच्यावर खूप चिडावं असं तिला वाटत होतं, पण तेवढं त्राण नव्हतं. ती हनीफच्या खांद्याला टेकली. भिंत दोनच पावलांवर होती.